कामठ्याची बुडी, मालवणचं पाणी

धनेंद्र राहांगडालेची आणि समुद्राची पहिली भेट झाली, तेव्हा बिचकला तो समुद्र. २०११ च्या मे महिन्यात कामठ्याचा हा चाळिशीचा शेतकरी मालवणच्या किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि ओहोटी लागून पाणी दोनशे पावलं मागे सरकलं.

"योगेश्वरी, याची पार कोठी हाय?" त्यानं बायकोला विचारलं. तलावांच्या मुलखातला माणूस. पाळ नसलेलं पाणी त्याला अर्धवट काम वाटलं.

"आता घडीभर बसा ना जी!"

बसणं त्याच्या जन्मात नव्हतं. गोंदिया ते कोल्हापूर त्यानं रेल्वेच्या दारात उभ्यानं केलं होतं. टीव्हीवर समुद्रातल्या खडकांवरचे रंगीत मासे पाहिल्यापासून त्याला चैन नव्हतं. ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि गावाला सांगायचे, एवढाच ध्यास. त्यासाठी तीन महिने तो शेतातल्या बोडीत, त्या गढूळ तळ्यात, बुड्या मारत होता. मासेमार कवडू काठावरून ओरडायचा, "डोरे गच्च मीट! नाही त चिखल जाते."

पाठीवर हवेची टाकी आणि डोळ्यांवर काच बांधून बुडी मारायची मालवणची ती जागा नवशिक्यांचीच होती. तिन्ही बाजूंनी खडक, मध्ये निवांत पाणी, खोली जेमतेम दोन पुरुष.

"पोहूक येत नसला तरी चालता," शिकवणारा मालवणी म्हणाला. "कान दुखले तर थांबा, नाक दाबून हवा मारा. घाई करू नकात."

धनेंद्रला घाई करू नको म्हणणं म्हणजे मळणी यंत्राला दम खा म्हणणं. कान ठणकला तरी तो थांबला नाही. पाणी डोक्यावरून गेलं आणि सवयीनं त्याचे डोळे गच्च मिटले. काचेआड कोरडे डोळे, समोर आरशासारखं पाणी, आणि पापण्यांआड कामठ्याची बोडी. गाळ खाली बसला की उघडू, असं म्हणत तो वीस मिनिटं थांबला. मालवणी त्याला मागून धरून होता, त्याला काय दिसणार? फोटो काढायला सोबत उतरलेल्या कॅमेरावाल्यानं खांद्याला टोचलं, तर मासा चावला समजून यानं पापण्या आणखी आवळल्या.

"कसा वाटला?" वर आल्यावर मालवण्यानं विचारलं.

"पानी थंड हाय."

मग चौदा फोटो पाहिले. चौदाही फोटोंत झोपलेला धनेंद्र, आणि भोवती माशांचा बाजार.

"परत सोडा मले!" तो किनाऱ्यावर येरझाऱ्या घालू लागला. पण शेवटची होडी लागली होती आणि परतीची एसटी सुटायला तासभर उरला होता.

कामठ्यात आठ दिवस अंगण भरलेलं. होडीत उलट्या करता करता योगेश्वरीनं काठावरून वाकून निळ्या पट्ट्यांचे मासे पाहिले होते. तीच रंगवून सांगायची. धनेंद्र फेऱ्या मारत म्हणायचा, "हो, तसाच होता."

"पुढच्या साली डोरे उघडून जाजो," कवडूनं फोटो पाहून सुनावलं.

पुढच्या मेची तिकिटं त्यानं काढलीही. पण त्या बुडीपासून वाहणारा कान थांबेना, म्हणून गोंदियात दाखवलं. कानाच्या पडद्याला भोक होतं. डॉक्टरांनी बुडी कायमची बंद केली, आणि तिकिटं रद्द झाली.