आबांची डावी दाढ

माणसाचा कॅन्सर बरा झाला की माझं काम सुरू होतं. जळगावच्या एका दवाखान्यात रेडिएशन घेऊन घरी गेलेल्या लोकांना मी तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने फोन करते, जमेल तिथे घरी जाते आणि विचारते. तोंड कोरडं पडतं का, गिळताना ठसका लागतो का, तोंडात तीन बोटं मावतात का, दात कसे आहेत. उत्तरं फॉर्मवर भरायची. हे फॉर्म एका संशोधनासाठी असतात. आजार किती जणांचा गेला हे सगळेच मोजतात. इलाजाने अंगात मागे काय ठेवलं, ते आमचे डॉक्टर मोजत बसलेले असतात.

खानदेशात हे काम म्हणजे लोखंडाचे चणे. काहीही विचारा, उत्तर एकच येतं, "बरं शे," म्हणजे बरं आहे. एका आजींच्या घशाखाली महिनाभर भाकरी उतरली नव्हती. मी दारात दिसताच त्यांनी आधी चहा ठेवला, माझी खुशाली विचारली आणि मग सांगितलं, "बठ्ठं बरं शे, माय." दारी आलेल्या माणसापुढे दुखणं मांडायचं नाही, ही आमची रीत. मी जातीची तापट. पहिल्या वर्षी मी लोकांवर चक्क ओरडायचे, की दुखत असेल तर दुखतं म्हणा ना, मी काय पाहुणी आहे का? डॉक्टर एवढंच म्हणायचे, "लिहिलं नाही की ते झालंच नाही असं धरलं जातं." हे वाक्य मी नव्या मुलींना तोंडपाठ करायला लावत असे. दुसऱ्याला शिकवायला काय जातं!

मग आबांचं झालं. आबा म्हणजे माझे मोठे काका. धरणगावजवळच्या खेड्यात त्यांची कपाशीची शेती आहे. अख्खी हयात तंबाखूची चिमूट डाव्या गालात धरली, आणि तिथेच गाठ आली. सात आठवडे ते आणि काकू माझ्याकडे जळगावला राहिले. काकूंना घरात सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. आठवड्यातून पाच दिवस, डोकं हलू नये म्हणून, आबांच्या चेहऱ्यावर त्यांच्याच मापाचा जाळीचा मुखवटा घट्ट बसवायचे, टेबलाला अडकवायचे आणि शेक द्यायचे. आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात. शेवटच्या दिवशी तो मुखवटा अक्कांच्या हातात दिला. आबांचं नाक, आबांची हनुवटी, आणि डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. अक्कांनी तो पदराखाली झाकला आणि तसाच घरी आणला.

शेक सुरू होण्याआधी आबांचे दोन किडके दात काढले होते. त्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, आता यापुढे कुठलाही दात आम्हाला विचारल्याशिवाय काढायचा नाही, पाच वर्षांनी दुखला तरी नाही. शेकलेलं हाड वरून धड दिसतं, पण जखम भरून काढायची ताकद त्याच्यात उरत नाही. आबांना हे नीट कळावं म्हणून मी आमच्या बोलीत तीनदा सांगितलं. म्हणजे ज्यांना हे ठाऊक होतं, त्यांत मी पहिली.

गावात काय सांगायचं, हा प्रश्न अक्कांनी पहिल्याच दिवशी सोडवला होता. धाकट्या मुलीला स्थळं येत होती. घरात कॅन्सर आहे म्हटलं की सोयरीक करणारी माणसं आल्या पावली परत फिरतात, त्यांना वाटतं हे रक्तात असतं. त्यामुळे गावाला सांगितलं की आबांचं जळगावला दातांचं काम चालू आहे. दोन दात खरोखरच काढलेले, त्यामुळे थाप पचली. मला त्या वेळी हसू आलं होतं. फाईल आणि मुखवटा अक्कांनी घरातल्या कापसाच्या गंजीखाली दडपला. भाव येईपर्यंत कापूस कोण हलवतंय!

गाठ गेली. आबांच्या मानेची डावी बाजू भाजलेल्या वांग्यासारखी काळी पडली, म्हणून ते उन्हाळ्यातही उपरणं गळ्याभोवती गुंडाळून बसू लागले. तोंडात लाळ नाही, म्हणून पाण्याचा गडवा कायम शेजारी. बाकी फोन केला की "बरं शे, बेटा." तिसऱ्या महिन्याचा फॉर्म बरं शे, सहाव्या महिन्याचा फॉर्म बरं शे.

वर्ष होत आलं आणि त्या धाकटीचं, माझ्या चुलत बहिणीचं, जमलं. मुलगा धुळ्याचा, नरडाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला, शांत, बरा. तुळशीचं लग्न झाल्यावर आठ दिवसांत साखरपुडा ठरला. मी सकाळीच पोचले. पिशवीत आबांचा वर्षाचा फॉर्म होता, म्हटलं एका दगडात दोन पक्षी. ओसरीत आबा दिसले. डावा गाल वर आलेला, ओठाच्या कोपऱ्यात लवंग. मी विचारलं, "दाढ दुखते का?" आबांनी मान हलवायच्या आत अक्का मधे आल्या.

"आते नको. पाव्हना येतीन. लगीन व्हई जाऊ दे, मंग दखाडू."

"अक्का, हे थांबायचं दुखणं नाही."

"एक दाढ शे ती! एक दाढना करता पोरनं लगीन मोडशी का?"

परक्या घरात मी फोन करून गाडी मागवली असती. माझ्याच घरात मी साडी नीट केली आणि पानं मांडायला गेले.

जेवायला वरण-बट्टी होती, बट्टी म्हणजे तुपात तळलेला कणकेचा टणक गोळा. आमच्याकडे व्याह्यांच्या पंगतीत यजमानाने बट्टी फोडून सुरुवात करायची असते. आबांनी बट्टी दोन्ही हातांनी कुस्करली, वरणात बुडवली, वाट पाहिली, मग लहान मुलासारखी चाखली आणि डोळे मिटून घेतले. समोर मुलाचा मामा बसला होता. चाळीसगावला त्यांचा दातांचा दवाखाना. गोड माणूस, हसरा, पंगतीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढायला लावणारा. त्यांचं लक्ष आबांच्या ताटाकडे गेलं. मी वांग्याच्या भाजीचं भांडं घेऊन मागे उभी होते. मला पुढचं सगळं दिसत होतं, आणि भांडं खाली ठेवायचंही मला सुचेना.

"आबा, दाढ दुखतेय ना? मला कसं नाही सांगितलं? परवा या चाळीसगावला, काढून टाकू. आता तुम्ही आमचे. तुमच्यासाठी मी दवाखाना उघडा ठेवतो."

आबा म्हणाले, "नही भाऊ, बरं शे."

"बरं कुठलं! गाल सुजलाय." मग आवाज खाली आणून त्यांनी नीट, डॉक्टरासारखं विचारलं, "शुगर, बीपी आहे का? आधी काही मोठा आजार, काही इलाज झालाय?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांनीही पाहिलं. पंगतीत पंचवीस माणसं होती आणि माझी बहीण आतल्या दारात हिरवी साडी नेसून उभी होती.

"काही नही, भाऊ," आबा म्हणाले.

त्या मामांची नजर क्षणभर उपरण्यावर थांबली. मग ते हसले आणि म्हणाले, "मग काय, एका सुईचं काम." मी त्यांच्या पानात भाजी वाढली. आता कुणी मला विचारतं की तू का नाही बोललीस, तेव्हा मी हीच गोष्ट सांगते. मी भाजी वाढली.

त्या संध्याकाळी जळगावला परतताना मी गाडीत वर्षाचा फॉर्म भरला. दात या रकान्यात लिहिलं, तक्रार नाही. खाली माझी सही. मनाची समजूत घातली की आबांना जाऊ द्यायचं नाही, उद्या फोन करून थांबवायचं. दुसऱ्या दिवशी फोन केलाही. अक्का म्हणाल्या, उद्या जाणार, व्याही गाडी पाठवताहेत, नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, त्या मामांना खरं सांगू का एकट्यांना? अक्का फोनवर रडायला लागल्या. त्या रडल्या की मी विरघळते, हे त्यांना ठाऊक आहे. दाढ निघाली.

महिना गेला, जखम भरली नाही. अक्का सांगायच्या, बरं शे. लग्नघाई सुरू झाली. मी गेले तेव्हा घराला वास येत होता. अक्का ओसरीत सारखा धूप जाळत होत्या, लग्नघर म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. हळदीला आबा तोंडाला रुमाल लावून बसले, लोक म्हणाले मुलगी जाणार म्हणून बाप रडतोय. ते रडत होते हेही खरंच. लग्न छान झालं, वरात धुळ्याकडे गेली, आणि तिसऱ्या दिवशी अक्का आबांना घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. कापूसही त्याच दिवशी विकला होता, त्यामुळे फाईल सापडली.

डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. हिरडीच्या जागी पिवळट, कोरडं हाड उघडं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "आजार कुठेही नाही. आजार गेलाय. हे आपल्या इलाजाचं आहे, आणि त्या दाढेचं." बोटभर हाड मेलंय, कदाचित जास्त, जबड्याचा तुकडा काढावा लागेल. मग त्यांनी वर्षाचा फॉर्म मागितला. बराच वेळ वाचला, दोनच शब्द होते तरी. मग नवा कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात चाळीसगावहून मामांचा फोन आला. भाचेसुनेकडून त्यांना कळलं होतं की आबांना दवाखान्यात ठेवलंय. आवाज पार बदललेला होता. "ताई, माझ्या हातून काही चुकलं का? झोप नाही मला. मूळ आत राहिलं का? खरं सांगा."

निरपराध माणूस स्वतःला दोष देत होता, आणि मी अजूनही बहिणीच्या सासरचा हिशेब करत होते. माझी मलाच किळस आली. मी सगळं सांगून टाकलं. कॅन्सर, शेक, गंजीखालची फाईल, सगळं.

मग ते म्हणाले, "उपरणं सरकलं तेव्हा काळी पडलेली मान दिसली होती मला. आमच्या अभ्यासात असतं ते. म्हणूनच विचारलं होतं. नाही म्हणाले. आता व्याह्यांना भर पंगतीत दुसऱ्यांदा कसं विचारायचं, ताई? म्हणजे तुम्ही खोटं बोलता असं म्हटल्यासारखं झालं असतं."

"आणि दवाखान्यात? तिथे तर पंगत नव्हती."

"तिथे आबांनी मला टोपी-उपरणं केलं, नारळ दिला, एवढा मान घेतल्यावर कुठल्या तोंडाने विचारू?" ते म्हणाले. "माझीही मुलगी लग्नाची आहे हो. मला कळलं असतं. मी कुणाला सांगितलं नसतं."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी नवा फॉर्म घेऊन वॉर्डात गेले. फॉर्म मांडीवर ठेवला. अक्का पायथ्याशी बसल्या होत्या. आबांचा चेहरा अर्धा पट्टीत होता. मी सगळ्यांना विचारते तसं विचारलं, "आबा, दुखतं का?"

त्यांनी सवयीने दाराकडे पाहिलं, मग अक्कांकडे. "बरं शे, बेटा."

मी काही लिहिलं नाही. ओरडलेही नाही. पेन तसंच धरून बसून राहिले. शेजारच्या खाटेवरचं जेवण आलं, ताट परतही गेलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सांगी द्या आते. पोर गई तिना घर."

आबांनी गडव्यातलं पाणी घेतलं, तोंडात फिरवलं, गिळायला वेळ लागला.

"दुखस," ते म्हणाले. "पयला दिनपाईन दुखस."

पहिल्या दिवसापासून, असं मी लिहायला सुरुवात केली.