आठ धारांची भेंडी

आमच्या गल्लीतले मशीनवाले काका म्हणजे शिलाई मशीनचे धन्वंतरी. मशीनच्या पोटात हात घातला की त्यांना रोग कळतो. माणसाच्या पोटातलं मात्र सत्तरीतही कळत नाही. त्यांची थोरली बहीण आजारपणात त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा औषधांच्या पिशवीतून तिने एक काचेची बाटली काढली. आत अकरा बिया. आठ धारांच्या भेंडीच्या. आईपासून चालत आलेल्या, बाजारात कुठे न मिळणाऱ्या.

"धाकट्या, लाव. जायच्या आधी एकदा खायचीय," अक्का म्हणाली.

काकांनी बिया भिजवून परसात लावल्या आणि तापकऱ्याच्या कपाळाला लावावा तसा दिवसातून चारदा मातीला हात लावू लागले. बी जुनं. अकरातलं एकच उगवलं. त्याच्याही शेंगा अळीने पोखरल्या. धड उरली ती एक.

कोवळी तोडली तर अक्काचा घास, झाडावर वाळू दिली तर पुढचं बियाणं. काकांनी बियाणं निवडलं आणि अक्काला ते सांगायची छाती नसल्यामुळे थापही निवडली. "आली का रे?" म्हटलं की "फूल आहे अजून." असे वीसेक दिवस काढले आणि मग बाजारातून पाव किलो भेंडी आणली. पण ती पाच धारांची. गोल चिरली की चकतीचे कोपरे मोजता येतात. म्हणून बायकोला म्हणाले, "उभी चीर."

"चाळीस वर्षं विळी कुठे असते ते माहीत नाही, आणि आज चिरण्याचं शास्त्र!" बायको म्हणाली. पण चिरली उभीच.

अक्काने एक फोड उचलली. "उभी का रे?"

"लवकर शिजते."

"खोटं बोलताना तुझे कान हलतात. दुसरीत होतास तेव्हापासून." तिने ताट सरकवलं. "माझी कुठंय?"

"झाडावर. बियाण्याला ठेवलीय."

"म्हणजे मी गेल्यावर तुम्ही खाणार," असं म्हणून अक्का भिंतीकडे तोंड करून झोपली.

आयुष्यभर एक स्क्रू सैल करायच्या आधी दहादा विचार करणारा हा माणूस तडक परसात गेला आणि शेंग मोडून घेऊन आला. "घे अक्का. तुझीच."

अक्काने अंगठ्याने शेंग दाबून पाहिली. "लाकूड झालंय हे. खाऊ कशी? आणि तोडलीस कशाला मेल्या? हिरवी आहे अजून. पंधरा दिवस तरी हवी होती झाडावर."

"तू रागावलीस ना."

"मी रागावणारच! आजारी माणसाला दुसरा उद्योग काय? म्हणून तू तोडायची?"

मग ती उठून बसली, मांडीवर कागद पसरायला लावला. काकांनी बारक्या स्क्रूड्रायव्हरने शेंग उकलली. बिया कागदावर ओघळल्या, बहुतेक पांढरट, ओलसर. चार-दोन जरा काळपट झालेल्या. अक्काने त्या बोटाने एकीकडे सारल्या, पुन्हा पाहिल्या, त्यातली एक परत पांढऱ्यांत ढकलली.

"उगवतील?" काकांनी विचारलं.

"सावलीत वाळव," अक्का म्हणाली आणि चष्मा मागितला.