काशीरामचे चिंचोके

पनवेलच्या कोळीवाड्यात काशीरामच्या रेडिओला जेवढा मान, तेवढा नगरसेवकालाही नव्हता. गडी चौथी शिकलेला. मास्तरांनी टाकून दिलेला फाटका नकाशा त्याने तेव्हाच घरी आणला आणि खळ लावून पाटावर डकवला. वादळाची बातमी आली की पाट मांडीवर, आणि रेडिओ सांगेल त्या जागी एक चिंचोका.

"वेधशाला, उठा, भात निवला!" बायको जनी टोमणा मारायची.

पण चाळीस वर्षांत काशीरामने मांडलेलं एकेक वादळ समुद्रातच वळलं होतं, कधी गुजरातकडे, कधी अरबस्तानाकडे. म्हणून अख्खा वाडा त्याला विचारून होड्या सोडी.

२००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. त्या सकाळी तिसरा चिंचोका रत्नागिरीसमोर पडला, आणि तेवढ्यात मुलाचा, हरेशचा, फोन आला. होडी खांदेरी बेटाच्या बाहेर होती.

"बा, वारा फिरलाय. जाली पान्यात हायेत. तोडून येऊ का?"

"तोडतोस? पावसालाभर आयशीनं विणलीत ती! वादल गुजरातला वलंल. खेचूनच ये."

"दोन तास लागतील."

"लागू दे."

जनी चुलीपासून ओरडली, "अवो, येऊ द्या त्याला! मी फिरून विणीन."

"अगं, नकाशा बघ. वलणारच."

चौथा चिंचोका हर्णैसमोर. वादळ वळलं नाही. पाचवा अलिबागेला ठेवायची वेळ आली तेव्हा घरावरची कौलं उडत होती आणि हरेशचा फोन लागत नव्हता. काशीराम तरी लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी रेवसच्या चिखलात होडी पालथी सापडली. दोन खलाशी रिकाम्या पिंपांना धरून काठाला लागले होते. त्यातला कल्पेश घरी आला. खाली बघतच बोलला, "काका, आमी सुरी काढली होती. हरेश बोलला, बा सांगतो तर खेचा. शेवटचं जालं वर घेतलं आन् लाट आली."

होडीखाली जाळी सगळी होती. हरेश नव्हता.

तिसऱ्या दिवशी जनीने पाट नवऱ्यापुढे आणून ठेवला. त्याच्या मुठीत एक चिंचोका दिला.

"ठेवा," ती म्हणाली. "माझा हरेश हाय तिथं ठेवा."

काशीरामचा हात नकाशाच्या निळ्या भागावर फिरत राहिला, खाली काही टेकेना.