वरच राहिलेली चांगुणा

खर्ड्याच्या भागिरथीबाईंना माहेर विचारलं, की त्या सरळ सांगतात, "महाल." ऐकणारा हसतो. हसू द्या. त्यांच्या सासूने तर पहिल्याच दिवाळीला त्यांचं नाव राणीसरकार पाडलं होतं. भाकरी करपली की विचारायची, "तुमच्या म्हालात अशीच खात व्हते का?"

पण बाई खोटं बोलत नव्हत्या. नगरला सोलापूर रस्त्याच्या अंगाला फराहबागचा महाल आहे ना, तिथलं गवत कापायचं काम त्यांच्या बापाकडे. झोपडी जवळच. त्या आणि थोरली बहीण लंका, दोघी दिवसभर शेळ्या घेऊन तिथंच. बाप मोठा गोष्टीवेल्हाळ. म्हणायचा, निजामशाहीतल्या सुलतानाने हा महाल एकदा बांधून घेतला, मनास येईना म्हणून पाडायला लावला, आणि पुन्हा उभा केला. भोवती सगळं तळं. आत जायचं तर नावेतून. ते तळं कधीच आटलं, आणि या पोरींच्या शेळ्या सुलतानाच्या तळ्याच्या बुडाशी चरत. बाप लांबून ओरडायचा, "संभाळा गं, बुडतील."

महालाला बाजू आठ, पण सारख्या नाहीत. काही लांब, काही आखूड. मधोमध दोन मजले उंच दालन, वर घुमट. भिंतींच्या पोटातून अरुंद जिने वरच्या सज्ज्यात निघतात. धाकटी तिथं चढून बसायची ती उतरायचं नाव नाही. उन्हं कलली की थोरली दालनात येऊन हाक मारायची, "चांगुणेऽ, खाली ये." घुमट ते नाव तोंडात घोळवून घोळवून परत द्यायचा.

तर चांगुणा हे बाईंचं माहेरचं नाव. सासरी पंचाईत अशी, की सासूही चांगुणाच. एका घरात दोन कशा नांदणार? नवऱ्याने लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने भागिरथी लिहिलं आणि धाकटी चांगुणा तिथंच संपली.

खर्ड्याला किल्ला आहे, बाईंच्या दारातून दिसतो. नातवंडं म्हणतात, आजी, हा काय कमी आहे का? बाई मान हलवतात. तो लढायला बांधलेला, त्यात हाक मारायला कोण बसलंय?

आईबाप गेले, झोपडी गेली. चांगुणा म्हणणारी जगात एकच उरली, नगरातच सावेडीत मुलाकडे राहणारी लंकाबाई. यंदा भाचा प्रशांत फोनवर बोलला, की आई माणसं विसरायला लागलीय. मग मात्र बाईंना घर धरवेना. पुरतं विसरायच्या आत तिच्या तोंडून एकदा ते नाव ऐकायचं होतं. ज्वारीची काढणी उरकली आणि त्या एसटीत बसल्या.

लंकाबाईंनी दार उघडून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "या पाव्हणीबाई. कोनाच्या तुमी?"

बाईंनी सांगितलं, अगं, मीच तुझी चांगुणा.

लंकाबाईंना हसू आलं. "चांगुणा येवढी म्हातारी न्हाई."

दुसऱ्या दिवशी भागिरथीबाईंनी बहिणीला रिक्षात घातलं आणि महालावर आणलं. जिन्याला आता जाळीचं दार, त्याला कुलूप. वर जायची सोय नाही. लंकाबाई भिंतीला टेकून बसल्या, गुडघे चोळू लागल्या. बाई घुमटाखाली उभ्या राहिल्या, इकडंतिकडं कुणी नाही असं पाहिलं, आणि पोरवयातली हाक घातली, "लंकेऽ!"

हाक वर गेली, फिरली, खाली आली. लंकाबाईंचे हात थांबले. त्यांनी मान वर केली आणि तोंडभर हसल्या.

"आयकलं का, पाव्हणीबाई? आमची धाकटी हाय वर. शेळ्या टाकून बसती." मग भिंतीचा आधार घेत उठल्या, पदर सावरला आणि घुमटाकडं बघून ओरडल्या, "चांगुणेऽ, खाली ये. उनं उतरली."

घुमटाने नाव घोळवलं. तसंच, अगदी तसंच. बाई बहिणीच्या हाताच्या अंतरावर उभ्या होत्या.

"आले," त्या म्हणाल्या.

लंकाबाईंची नजर वरून हलली नाही.

परतताना रिक्षातून लंकाबाई पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होत्या. महाल झाडांआड गेला तशा कासावीस झाल्या. "ती ऱ्हायली की वो वरच."

भागिरथीबाईंनी बहिणीचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"ऱ्हाऊ दे. म्हायेरी हाय ती."