समंदरवाली

जबलपूरच्या गोरखपूर भागात, बाजारामागच्या गल्लीत, इंदूताई रोज सकाळी अंघोळ करून, केस विंचरून समुद्र विकायला बसत. दुकान म्हणजे पलंगाची एक कड आणि चार्जरला लावलेला फोन. फोन वाजला की पदर सावरायचा, घसा साफ करायचा आणि सुरू व्हायचं: "जी भैया, कमरे के बिलकुल सामने समंदर है. खिड़की खोलिए तो हवा में नमक." हवेतलं मीठ जिभेला कसं लागतं, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी तेही बेधडक सांगितलं असतं. समुद्र मात्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

गेस्टहाउस होतं कोकणात, आंबेवेळ नावाच्या गावी. मालक केतन, इंदूताईंच्या चुलतभावाचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून तो तिथे जाऊन बसला होता. मध्य प्रदेश, छत्तीसगडकडची माणसं हिंदीत फोन करायची आणि केतनची हिंदी म्हणजे सगळा आनंदीआनंद. तेव्हा त्याला जबलपूरची आत्या आठवली. आत्याने लग्न केलं नाही, बड़ा फुहारा बाजारातल्या एका साडीच्या दुकानात हयात काढली. स्वतःच्या अंगाला कधी न लागलेल्या बनारसीचं ती असं काही वर्णन करायची की आलेली बाई दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे. अशी जीभ केतनला फुकटात मिळत होती. त्याने पगाराचं नावच काढलं नाही. म्हणाला, "आत्या, घरचंच काम समजा. एकदा इकडे या, समुद्राकडची वरची खोली तुमची." त्या एका वाक्यावर इंदूताई कामाला लागल्या.

केतन फोटो पाठवायचा, बोलून संदेश पाठवायचा. इंदूताईंनी ते सगळं पाठ केलं. समोर पाण्यात उभा असलेला पाणकोट, मराठ्यांच्या आरमाराची जुनी चौकी. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर. किनाऱ्याला सुरूचं बन, कातळातल्या गुहेत महादेव, थंडीत डॉल्फिन, आणि वाळूतून निघून पाण्याकडे धावत सुटणारी कासवांची पिल्लं. मग हळूहळू स्वतःच्या पदरचं घालणं आलं. त्यांच्या घरात एक ऐकीव गोष्ट होती की मूळपुरुष कोकणातला. तो नागपूरला भोसल्यांच्या फौजेत शिरला आणि फौजेबरोबर नर्मदेकाठी येऊन राहिला. तेवढ्या आधारावर 'तिथे एक किल्ला आहे'चं 'आमचा किल्ला' झालं. पुढे तर पाणकोटाच्या बुरुजावर त्यांनी आपला एक गोलंदाज पूर्वजही नेमून टाकला. रायपूरचे प्रवासी फोनवर 'अच्छा, अच्छा' करत आणि इंदूताईंचा चेहरा फुलून येई. दुसऱ्या कशाने तो कधी फुलल्याचं कोणाला आठवत नाही.

गल्लीत त्यांना 'समंदरवाली दीदी' म्हणत. घरात त्यांच्या धाकट्या भावाची, अनुपमची बायको यामिनी होती. तिची टिंगल इतकी साधी नव्हती. पाहुणे आले की चहाबरोबर ती नणंदेला वाढायची: "ह्या आमच्या ताई. समुद्राच्या एजंट. बरगी धरणाच्या पुढे गेल्या नाहीत कधी!" सगळे हसत. इंदूताईही हसत, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासत बसत.

दरवर्षी केतन बोलावी आणि दरवर्षी हंगाम भरलेला निघे. "काय करू आत्या, तुम्हीच तर भरलात!" असं म्हणून तो वर हसायचा.

यंदा थंडीत मात्र त्याचा फोन आला. कोणीतरी बुकिंग रद्द केलं होतं, वरची खोली आठवडाभर मोकळी होती. इंदूताईंनी त्याच दुपारी दोन सुती साड्यांना इस्त्री केली. संध्याकाळी यामिनी म्हणाली, "ताई, हे आत्ताच फॅक्टरीतून रिटायर झाले. आम्ही तरी कुठं गेलो आजवर? अन् तुम्ही गेल्या तर फोन कोण घेईल?" फोनवर केतनला हे इतकं पटलं की त्याने नीट आढेवेढेही घेतले नाहीत. "खरंच आत्या, ऐन हंगाम आहे. तुमचं पुढल्या वेळी नक्की."

अनुपम खाली मान घालून जेवत होता. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. ह्याच बहिणीने दुकानात दिवसदिवस उभं राहून त्याला शिकवलं, माणसात आणलं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. त्याने वरण मागितलं.

इंदूताईंनी दोघांना वाटेसाठी दशम्या करून दिल्या. दशम्या लाटताना त्यांना असा राग आला की ह्यांची गाडी रुळावरून घसरावी असं मनात येऊन गेलं. लगेच त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. पीठ गालाला लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यामिनीचा फोन आला.

"ताई, आम्ही किल्ल्यावर चालत जाऊन राहिलो. केतन रत्नागिरीला गेला, अन् इथली स्वयंपाकीण म्हणते पाणी चढून राहिलंय, नका जाऊ. तुम्ही तर साऱ्या दुनियेला सांगता, सकाळी नऊला चालत जाता येतं. आता नऊ वाजले. जाऊ का?"

खूप वर्षांपूर्वी केतन एकदा म्हणाला होता, "सकाळी नऊला ओहोटी आहे, पाहुणे चालत किल्ल्यात जातील." तो त्या दिवसापुरतं बोलला होता. इंदूताईंनी ते कायमचं धरलं. त्यांना ठाऊक असलेलं पाणी वेळ पाळणारं होतं. नळ सकाळी ठरल्या वेळी यायचा. नर्मदा पावसाळ्यात चढायची आणि कार्तिकापर्यंत उतरायची. भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गोरखपुरात ते कोण सांगणार? पाहुण्यांना त्या-त्या दिवशीची वेळ केतन नाश्त्यालाच सांगायचा, म्हणून ही चूक इतकी वर्षं झाकून राहिली होती.

"जा बिनधास्त," इंदूताई म्हणाल्या. "नऊला पाणी आत जातंच. त्या स्वयंपाकिणीला काय कळतं!"

यामिनीने आयुष्यात पहिल्यांदा नणंदेचं ऐकलं.

जाताना पाणी घोट्याला होतं. परतताना वाटच राहिली नव्हती. मध्यावर यामिनीचा पाय दोन खडकांच्या फटीत अडकला आणि लाटेने तिला असं फिरवलं की नडगी मोडली. आधाराला धरलेल्या कातळावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी दोन्ही तळवे चिरले. अनुपम तिला वर धरून गळ्याइतक्या पाण्यात ओरडत राहिला. एका होडीवाल्याने ऐकलं, म्हणून दोघं जिवंत बाहेर आली.

पायात सळई घालून यामिनी जबलपूरला आली, दिवाणावर आडवी झाली, आणि त्याच संध्याकाळी घरात न्यायनिवाडा बसला. केतन फोनच्या स्पीकरवर होता.

"आत्याला ठाऊक नाही असं कसं होईल?" तो म्हणाला. "वेळ रोज बदलते. मी स्वतः सांगितलंय त्यांना." ते धादांत खोटं होतं. पण त्याला दारात आलेले पोलीस आणि बंद पडलेलं गेस्टहाउस दिसत होतं.

"मुद्दाम केलं हिनं," यामिनी म्हणाली. "खोली भेटली नाही, म्हणून जिवावर उठली."

वेळ रोज बदलते. इंदूताईंनी हे तेव्हा, केतनच्या तोंडून, पहिल्यांदा ऐकलं. यामिनीच्या पायाचं वाईट वाटायच्या आधी त्यांना लाज वाटली. इतकी वर्षं, इतक्या लोकांना, एवढ्या तोऱ्यात सांगितलं, आणि मुळातलंच माहीत नाही!

अनुपमने त्यांच्याकडे पाहिलं. आवाज मऊ करून म्हणाला, "ताई, माहीत नव्हतं असं म्हण ना. बस, संपलं. तू कुठं पाहिला समुद्र?"

एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात इतक्या दुखण्यातही यामिनीला हसू फुटलं. "वा! समंदरवालीला समुद्रच माहीत नाही! हे तर साऱ्या गल्लीला सांगावं लागेल."

इंदूताईंचं तोंड मिटलं. मग त्या ताठ बसल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्या वेळी पाणी चढतं, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्याइतका समुद्र ह्या घरात कोणाला कळतो?"

यामिनीचं हसू थांबलं. केतनने फोन ठेवला.

"अन् मी?" अनुपमने विचारलं. "मी पण होतो ना गं त्या पाण्यात?"

याचा विचारच इंदूताईंनी केला नव्हता. आता मागे फिरायचं तर गल्लीचं हसणं होतं, आणि पुढे हा, त्यांच्या हातचं खाऊन मोठा झालेला.

"तू पण," त्या म्हणाल्या. "ते पण माहीत होतं."

अनुपमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. त्याला आजवर उगी करत आलेली बाई समोरच बसली होती. तिने हात पुढे केला नाही.