पेटीवाल्याचं नाव

२१ फेब्रुवारी. दुपारभर शालींना इस्त्री केली. नांदेडच्या आमच्या केबल वाहिनीवर रात्री दहाला लागणारा गप्पांचा कार्यक्रम बंद होणार होता आणि शेवटच्या भागाचं चित्रीकरण त्याच संध्याकाळी भाड्याच्या सभागृहात होतं. पाहुणे जमवणं, त्यांचं चहापाणी, मानपान हे काम पहिल्यापासून माझ्याकडे. लोक आता मोबाइलवरच बघतात, असं मालक म्हणाले. खरं होतं, मी वाद घातला नाही.

आठवणी सांगायला जुने पाहुणे बोलावले होते. लातूरचा एक सिनेनट, एक पहिलवान आणि हदगावच्या एक गायिका. एके काळी जत्रेत त्यांचं गाणं असलं की लोक बैलगाड्या जुंपून यायचे.

बाईंनी आल्याआल्या मला बाजूला घेतलं. "पोरी, मला एकच बोलायचं हाय. ह्यांचं नाव घ्यायचंय."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर बाईंच्या साथीला पेटी वाजवली. आमच्या पहिल्या भागातही वाजवली होती. साथीदारांची नावं पडद्यावर द्यायची म्हणून विचारलं, तर बाई पदर सावरत म्हणाल्या, "आमचेच हायत की." नवऱ्याचं नाव कसं घेणार? यजमानांना स्वतःला कुणी विचारलंच नाही. तबलजीचं नाव आलं, पेटीवाल्याचं राहिलं. मागच्या वर्षी ते गेले.

"उखाणा घेणार का मावशी?"

"उखाणा कशाला? सरळ घेणार. आता कुणाला लाजू?"

मी मुलाखतकारांना म्हटलं, "सर, बाईंना आधी घ्या."

"अहो, बरं दिसतं का? सगळ्यांत मोठ्या त्या. त्या शेवटी."

आपल्याकडे असंच. अध्यक्ष शेवटी बोलतो, तोवर ऐकणारे चपला शोधत असतात.

पहिलवान थोडक्यात आटोपला. नटानं मात्र पहिल्या खेपेला खाल्लेल्या भज्यांपासून सुरुवात केली. हसवलं, मग डोळे पुसले. आठवण कुणाचीही निघो, माणूस फिरून स्वतःवरच येतो, हे मी इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे उभी राहून पाहिलंय. त्यात वाईट काही नाही, पण वेळ जातो. सभागृह पुढे साखरपुड्याला दिलेलं. मांडववाले खुर्च्या घेऊन दारात आले. "आटपा की ओ!"

बाईंना शाल पांघरली, नारळ दिला, माइक दिला. त्यांनी घसा साफ केला आणि सभागृहवाल्यानं दिवे घालवले.

नट पाया पडायला आला. "मावशी, आशीर्वाद द्या."

"देते की. पण लई बोललास बाबा."

मुलाखतकार ओशाळले. "मावशी, नाव सांगा, आम्ही पडद्यावर लिहितो."

"लिहू नका. मी घेणार होते." एवढं बोलून त्या एसटी गाठायला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरामनला घेऊन मी हदगावची पहिली गाडी पकडली. बाई अंगणात तूर पाखडत होत्या. सूप बाजूला ठेवून, डोक्यावर पदर घेऊन त्यांनी नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

कॅमेरामन म्हणाला, "परत एकदा घेता का? ट्रॅक्टर गेला मधनंच."

"घेते की," बाई म्हणाल्या आणि दुप्पट मोठ्यानं घेतलं. शेजारीण चुलीवरचं सोडून बघायला आली.

नांदेडला परतल्यावर ते मी भागाच्या अगदी सुरुवातीला लावून घेतलं.