आठ कोटींतले एकटे

काशिनाथ मास्तरांनी साताऱ्याच्या मराठी शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. बायको गेल्यावर मुलानं, देवव्रतनं, त्यांना ऑकलंडला आणलं आणि बॉटनी डाउन्सच्या आपल्या घरात अंगणाकडची खोली दिली. खोलीला नाव ठेवायला जागा नव्हती. घरात बोलायला मात्र कोणी नव्हतं. देवव्रत सॉफ्टवेअरमधला, सून ऋचा हॉस्पिटलात फार्मसिस्ट. दोघं मराठीत सुरुवात करत आणि तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत पोचत. अकरा वर्षांची नात इशिता आजोबांचा शब्द न् शब्द समजून घेई आणि उत्तर इंग्रजीत देई.

म्हणून मास्तर आपल्या शाळामास्तरी इंग्रजीच्या जोरावर बाहेर माणसं शोधू लागले. कोपऱ्यावर डेअरी होती. तिकडे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. ती चालवायची ढाक्याची नसरीन. दुकानाबाहेरच्या बाकावर माल्टाचा कारमेलो बसलेला असे, आयुष्यभर प्लंबिंग करून आता गुडघे धरून बसलेला म्हातारा. मास्तरांना घबाडच मिळालं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते कुणी न विचारता सांगत, "बंगाली म्हणजे ढाका, कोलकाता, त्रिपुरा, पार लंडनपर्यंत. वीस कोटींच्या वर! आणि माल्टी? जेमतेम पाच लाख. आपल्या सातारा तालुक्याएवढी. त्यातलेही कितीतरी मेलबर्न-सिडनीला पांगलेले. आपण आठ कोटी!" हे आठ कोटी ते अशा थाटात सांगत, जणू सगळे त्यांनीच जन्माला घातले होते.

२०१७च्या फेब्रुवारीत नसरीननं जवळच्या हॉलमध्ये मातृभाषा दिन ठरवला. बावन्न साली बंगालीसाठी पोरांनी गोळ्या खाल्ल्या तो हा दिवस; ढाक्याच्या माणसांना त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक भाषेतून एक आजी किंवा आजोबा आणि एक नातवंड, दोघांनी स्टेजवर यायचं. नातवंडानं आपलं नाव, गाव आणि घरात काय शिजतं एवढं आपल्या भाषेत सांगायचं. मग घरातल्याच कुणीतरी ते सगळ्यांसाठी इंग्रजीत सांगायचं. मास्तरांनी घरी न विचारता मराठीचं नाव देऊन टाकलं. या देशात येऊन त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. इशितानं शेजारी उभं राहून चार वाक्यं बोलावीत, बस्स.

"आजोबा, नो वे!" इशिता म्हणाली. "माझ्या मराठीला सगळे हसतील," हेही तिनं इंग्रजीतच सांगितलं.

"बाबा, तिला फोर्स नका ना करू," ऋचा म्हणाली. "त्या दिवशी तिची पूल पार्टी पण आहे. हीप्स ऑफ मुलं येणारेत."

"चार वाक्यं गं! जाता जाता होतील."

"बाबा, तुम्ही मराठी शाळेतले मास्तर," देवव्रत लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला, "आणि मला इंग्लिश मीडियमला कोणी घातलं होतं?"

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि हा आड मास्तरांनी स्वतःच्या हातानं बुजवला होता. दुसऱ्यांची पोरं मराठीत शिकवायची आणि आपलं पोरगं तेवढं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवायचं, हा शहाणपणा साताऱ्यात त्यांनी एकट्यानंच केला होता असं नाही. पण उत्तर देणं आता एकट्यालाच आलं होतं. दिलेलं नाव मात्र त्यांनी मागं घेतलं नाही.

शनिवारी सगळे हॉलमध्ये गेले, इशिता टॉग्जची, म्हणजे पोहायच्या कपड्यांची, पिशवी मांडीवर घेऊन. मराठी मंडळाला मास्तरांनी कळवलं होतं, पण जेवण नाही म्हटल्यावर कोण येतंय? बंगाली माणसांनी मात्र हॉल भरला होता. नसरीनचा भाचा आपल्या आजीशेजारी उभा राहून धडाधड बोलला. मग कारमेलोची नात आली, लाल केसांची, आई इथलीच गोरी. माल्टातल्या आत्याआजीशी दर रविवारी फोनवर बोलून शिकलेली ती भाषा पोरगी न अडखळता बोलली, आणि तिच्याबरोबर म्हाताऱ्याचे ओठ हलत राहिले. पाच लाखांना एक नात मिळाली होती. मास्तरांना कारमेलोचा हेवा वाटला, सरळ साधा हेवा.

मराठीचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी एकदा इशिताकडे पाहिलं. ती पिशवीचा बंद ओढत बसली होती. ते एकटे चढले.

"आठ कोटी माणसं माझी भाषा बोलतात, असं मी फुशारकीनं सांगणार होतो," ते मराठीत म्हणाले. "पण माझ्या मुलाच्या घरात ती मी एकटा बोलतो, बहुतेक भिंतींशी. माझी नात आजारी नाही, परगावी नाही. समोर बसली आहे. तिला माझ्या शेजारी उभं राहायची लाज वाटते. दोष तिचा नाही. मुलाला ही लाज मीच फी भरून शिकवली."

हॉलमध्ये घरच्या तिघांशिवाय कुणालाच काही कळलं नव्हतं. नसरीननं देवव्रतला खूण केली. तो उठला, शर्ट सारखा केला आणि छान इंग्रजीत म्हणाला, "माझे वडील म्हणतात, मराठी आठ कोटी लोकांची समृद्ध भाषा आहे. न्यूझीलंडनं आम्हाला आपलं मानलं, याचा त्यांना अभिमान वाटतो." आणि वर तिथला माओरी नमस्कारही ठोकला, "किया ओरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कारमेलोनं तर उभं राहून वाजवल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मास्तरांनी हात जोडले आणि खाली उतरले.

गाडी पूल पार्टीच्या दिशेनं निघाली. मग मागच्या सीटवरून इशिता म्हणाली, "डॅड, आजोबा डिडन्ट से दॅट."

"इशिता, इनफ," देवव्रत म्हणाला.

"बट ही डिडन्ट! ही सेड ही टॉक्स टु द वॉल्स. ही सेड आय ॲम अशेम्ड." तिचा आवाज फुटला होता. ती शेजारी वळली. "आजोबा, टेल हिम. यू टेल हिम!"

आरशातून देवव्रतचे डोळे मास्तरांवर आले. ऋचानं मान खाली घातली. मास्तरांना अंगणाकडची ती खोली आठवली, आणि तिच्याशिवाय आपल्याला जगात दुसरी खोली नाही हेही आठवलं.

त्यांनी नातीचा हात थोपटला.

"नो, नो, इशू," ते म्हणाले. "युवर फादर टोल्ड करेक्ट."